कागदावरची आकडी

टेबलावर झोपवलेल्या माणसाच्या देहात हलताना दिसतो तो फक्त उजव्या पायाचा पंजा. घोट्याच्या वर रक्तदाब मोजायचा पट्टा फुगवून आवळलेला असतो. बाकी सगळं अंग ढिलं. भूलतज्ज्ञ डोक्याशी उभा राहून पिशवी दाबत ऑक्सिजन देत असतो, सिस्टर घड्याळाकडे बघून सेकंद मोजत असते आणि शेजारच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरसरत बाहेर येत असते. पंजा आधी ताठ होतो, मग थरथरतो, मग त्याचे हिसके सावकाश होत होत थांबतात. अर्धं-पाऊण मिनिट. खोलीबाहेर बाकावर बसलेल्या बायकोच्या हातातली पाण्याची बाटली उघडायच्या आत आतलं काम झालेलं असतं.

सिनेमाने आपल्या डोक्यात जे बसवलंय ते याहून फार वेगळं आहे. १९७५ च्या 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'मध्ये जॅक निकल्सनला जागेपणी, भूल न देता, चार जणांनी धरून शॉक दिला जातो. हिंदी सिनेमाने तो प्रसंग पुढे किती वेळा गिरवला याची मोजदाद नाही. बहुधा खलनायकाच्या सांगण्यावरून, शहाण्याला वेडा ठरवायला. त्यामुळे अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा अमरावतीच्या राजकमल चौकात काय, डॉक्टरने 'ईसीटी द्यावा लागेल', म्हणजे शॉकचा उपचार करावा लागेल, असं म्हटलं की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. मग दबक्या आवाजात वऱ्हाडी प्रश्न येतो, "म्हंजे करंट देता का जी?"

उत्तर 'हो' असंच आहे. ते गुळमुळीत करण्यात अर्थ नाही. पण त्या 'हो'च्या पुढचं वाक्य बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. औषध करंट नाही. करंटमुळे मेंदूत येणारी आकडी हे औषध आहे. आणि ती आकडी नीट आली की नाही, किती वेळ चालली, वेळेवर थांबली का, हे आजच्या पद्धतीत डोळ्यांना दिसत नाही. ते कागदावर दिसतं. हा लेख त्या कागदाविषयी आहे.

पण कागदाआधी दवाखाना येतो, आणि जठारपेठेसारख्या भागात तो शोधावा लागत नाही. अकोला हे पश्चिम विदर्भाचं दवाखान्याचं गाव. अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर हे जिल्ह्यातले तालुके तर आहेतच, शिवाय वाशीमची आणि खामगाव-शेगावकडची माणसंही इथंच येतात. २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, तरी गावाकडच्या तोंडी अजून 'सर्वोपचार' रुग्णालयच आहे. मनोरुग्णांसाठीचं जुनं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १८६४ चं, ९४० खाटांचं. अकोल्याहून ते अडीचशे किलोमीटर. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी ही राज्यातली बाकीची तीन नावं वऱ्हाडातल्या माणसाच्या हिशेबातच येत नाहीत.

पण या सगळ्याच्या आधी एक ठिकाण लागतं. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही जातात. होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, अंगावरचे कपडे आणि उतारे तिच्यात टाकले जातात. 'बाहेरचं' झालेल्या माणसाला इथं आणायचं ही या भागाची कित्येक पिढ्यांची रीत. मेळघाटात तेच काम गावचा मांत्रिक-वैद्य, म्हणजे भूमका करतो. मला या वाटेची टिंगल करवत नाही. घरात एक माणूस तीन आठवडे जेवत नाही, बोलत नाही आणि जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नाही, तेव्हा माणसं जाणार तरी कुठं? टिंगलीपेक्षा हिशेब मांडावा. 'विश्राम' नावाच्या प्रकल्पाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत तो मांडला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या पट्ट्यात नैराश्य असलेल्यांपैकी सुरुवातीला फक्त ४.३ टक्के लोक कुठल्याही उपचारापर्यंत पोहोचत होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन बोलायला सुरुवात केली, तेव्हा दीड वर्षात हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त हे प्रसिद्ध झालं. नैराश्य असलेल्या बहुतेकांना बोलणं, धीर आणि गोळ्या एवढं पुरतं. ईसीटी लागतो तो उरलेल्या थोड्यांना.

हे थोडे कोण? ज्याच्या तोंडात घातलेला घास तासभर तसाच राहतो, हात वर केला तर हात वरच राहतो, लघवीचंही भान नाही, असा कॅटाटोनियाचा रुग्ण. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत डोकं बिघडून बाळाच्या जिवावर उठलेली आई. फवारणीचा डबा दोनदा जवळ केलेला आणि तिसऱ्यांदा करणार हे स्पष्ट सांगणारा शेतकरी. दोन-तीन औषधं पुऱ्या मात्रेत घेऊनही अंथरूण न सोडणारा म्हातारा. अशांना गोळीचा गुण यायला लागणारे तीन-चार आठवडे परवडत नाहीत. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीव्र नैराश्याच्या २५३ रुग्णांना ईसीटी दिला, त्यांतले ७५ टक्के लक्षणमुक्त झाले. मानसोपचारात इतका मोठा आकडा क्वचित दिसतो. जिवाचा धोका? लाखभर ईसीटींमागे दोनच्या आसपास मृत्यू, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेसाठी भूल घेताना असतो साधारण तितका.

आता आकडीकडे. आकडी आली की मन सुधारतं हा विचार आजही विचित्र वाटतो, तेव्हाही वाटला असणार. बुडापेस्टच्या लाडिस्लास मेदुनाने १९३४ साली कापराचं तेल टोचून मुद्दाम आकडी आणली. कापराने आकडी कधी येईल याचा भरवसा नसे. रुग्ण घामाघूम, भेदरलेला, वाट बघत पडून राही. विजेने हे झटपट होईल असं रोमच्या उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांना वाटलं. १९३८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी रेल्वे स्टेशनवर भरकटताना सापडलेल्या एका असंबद्ध बोलणाऱ्या माणसावर प्रयोग केला. पहिल्यांदा दिलेली वीज कमी पडली. अंगाला हिसका बसला, पण आकडी आलीच नाही. मग मात्रा वाढवून पुन्हा दिली, तेव्हा आली. जगातला पहिला ईसीटी आधी फसला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. पण पुढच्या सगळ्या कहाणीची मेख तिथेच आहे. वीज दिली याचा अर्थ उपचार झाला असा होत नाही.

हे नि:संशय सिद्ध करायला १९६० साल उजाडावं लागलं. स्वीडनच्या यान-ओटो ओट्टोसनने रुग्णांच्या एका गटाला नेहमीसारखी वीज दिली, पण आधी लिडोकेन टोचून आकडी अर्ध्यातच आखूड केली. वीज तीच, आकडी तोकडी. गुणही तोकडाच आला. डेंटिस्ट दाढ बधिर करतो ते हेच लिडोकेन. त्याने करंट आणि आकडी यांचा वाद मिटवला.

त्या काळी आकडी ओळखायला यंत्राची गरजच नव्हती. भूल नसे. रुग्णाला चार जण धरत, देह धनुष्यासारखा ताठ होई, दात आवळले जात. आकडी आली हे व्हरांड्यातल्यालाही कळे. पण त्याची किंमत मोठी होती. स्नायूंच्या त्या ताकदीने मणके दबत, हाडं मोडत, जीभ चावली जाई. १९४० साली अब्राम बेनेटने क्युरारे वापरून स्नायू ढिले केले. पन्नाशीच्या दशकात सक्सिनिलकोलिन आलं आणि भूल देऊन, स्नायू शिथिल करून ईसीटी देण्याची पद्धत पक्की झाली. आपल्याकडे मात्र भूलतज्ज्ञांची वानवा होती, जिल्ह्याच्या ठिकाणी तर होतीच. त्यामुळे 'डायरेक्ट' ईसीटी, म्हणजे भुलीशिवायचा, दशकानुदशकं चालू राहिला. सिनेमावाल्यांनी सगळंच खोटं दाखवलं असं म्हणून हात झटकता येणार नाही.

याविरुद्ध सगळ्यात खणखणीत आवाज उठला तो पुण्यातून. बापू ट्रस्टच्या दिवंगत भार्गवी दावर या मानसिक आजार भोगलेल्यांच्या बाजूने बोलणाऱ्या अभ्यासक. डायरेक्ट ईसीटी हा उपचार नसून अत्याचार आहे, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं, आणि त्यांचा विरोध तिथवर थांबणाराही नव्हता. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रमात साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले. देश हादरला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्या मंथनात डायरेक्ट ईसीटीचाही प्रश्न पुढे आला. डॉक्टरांच्या बाजूनेही विचार बदलत होता. २०१२ साली डॉ. चित्तरंजन अंद्रादे, मुंबईच्या सायन रुग्णालयातले डॉ. नीलेश शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुलीशिवायच्या ईसीटीवर भारतीय मानसोपचारतज्ज्ञांसाठी भूमिका मांडली: नियम म्हणून तो नको, अगदी अपवादात्मक परिस्थितीतच त्याचा विचार व्हावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही अपवादाची खिडकीही बंद केली. कलम ९५ प्रमाणे स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाशिवाय आणि भुलीशिवाय ईसीटीला बंदी आहे. अल्पवयीन मुलांना तो देता येत नाही; द्यायचाच झाला तर पालकांची संमती आणि कायद्याने नेमलेल्या मंडळाची आधी परवानगी हवी. कलम ९४ प्रमाणे तातडीचा उपचार म्हणूनही ईसीटी चालत नाही.

कायदा चांगला आहे. पण त्यात एक गंमत झाली. त्याने आकडी डोळ्यांआड केली आणि तिच्यावर नजर कशाने ठेवायची हे त्या कलमात लिहिलंच नाही.

सक्सिनिलकोलिनने स्नायू ढिले पडले की मेंदूत वादळ चालू असलं तरी चेहरा शांत झोपल्यासारखा दिसतो. आकडी आलीच नसली तरी चेहरा तसाच दिसतो. आकडी तीन मिनिटं लांबली तरीही तसाच. या तिन्ही अवस्थांत फरक करायला डॉक्टरकडे दोनच वाटा असतात.

पहिली स्वस्त आहे, आणि तीच लेखाच्या सुरुवातीला आली आहे. स्नायू ढिले करणारं औषध शिरेत जाण्याआधी एका पायाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो वरच्या दाबापलीकडे फुगवायचा. औषध त्या पंजापर्यंत पोहोचत नाही, म्हणून सगळ्या देहातला तेवढा एक भाग आकडीची खबर देतो. पट्टा आहे, घड्याळ आहे, की काम झालं. वीज गेली तरी चालतं. तालुक्याच्या ठिकाणी हे सहज जमण्यासारखं आहे आणि ज्या दवाखान्यात हेही होत नसेल तिथं ईसीटी देऊ नये, असं माझं सरळ मत आहे. पण पंजा सगळं सांगत नाही. त्याचा हिसका थांबल्यावरही मेंदूतली आकडी चालू राहू शकते, आणि पाय तर गप्प पडलेला असतो.

दुसरी वाट ईईजीची. मेंदूच्या विजेचा पहिला मानवी आलेख १९२४ साली जर्मनीतल्या येना इथं हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने काढला आणि पाच वर्षं तपासून, घोटून १९२९ साली छापला. लोकांनी आधी हसण्यावारी नेलं. बर्गर स्वत: पुढे खोल नैराश्यात गेला आणि १९४१ च्या जूनमध्ये त्याने आत्महत्या केली. तेव्हा रोममधला तो प्रयोग होऊन तीन वर्षं झाली होती. पुढे ईसीटीवर लक्ष ठेवायला त्याच्याच आलेखाचा आधार घेतला गेला.

ईईजीच्या पट्टीसाठी तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते आणि ती आपल्याकडची खास आहे. वऱ्हाडात डोक्याला तेल चोपडल्याशिवाय बाई माणसात जात नाही. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट बसत नाही. वीज पोहोचायला अडथळा होतो आणि आलेखही खरवडल्यासारखा येतो. म्हणून सांगावं लागतं: आज रात्री केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका. रात्रीपासून उपाशी. सकाळी कवळी काढून ठेवायची, नखांवरचा रंग पुसायचा, कारण बोटाला लावलेल्या चिमट्यातून ऑक्सिजन मोजायचा असतो. टेबलावर घेतल्यावर कपाळावरची टिकलीही काढावी लागते, कारण ईईजीचे दोन इलेक्ट्रोड दोन्ही भुवयांच्या वर लागतात आणि त्यांची जोडी कानामागच्या हाडावर. स्पिरिटने जागा घासून पुसायची, जेल लावायचं, दातांमध्ये रबरी आधार ठेवायचा. ज्या सुवासिनीची टिकली काढायची तिला आधी सांगून, तिच्याच हाताने काढायला लावणाऱ्या सिस्टरला ईसीटीचं अर्धं शास्त्र कळलेलं असतं.

मग बटण. यंत्र काही सेकंद वीज देतं, तीही सलग नाही, मिलिसेकंदापेक्षाही छोट्या तुकड्यातुकड्यांनी. आणि लगेच कागद सुटतो, साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर. म्हणजे ४० सेकंदांची आकडी बरोबर एक मीटर लांब असते. ती डावीकडून उजवीकडे वाचायची.

सुरुवातीला रेषा बारीक आणि घाईघाईची असते. लगेच ती फुगते, उंच उंच टोकांचे दाट घोस दिसतात. या वेळी बांधलेला पंजा ताठलेला असतो. मग टोकांमागे एकेक रुंद, गोल लाट येऊ लागते, टोक-लाट, टोक-लाट, आणि पंजा त्याच तालावर झटकतो. ताल हळूहळू विरळ होतो. आणि चांगल्या आकडीत शेवट एकदम होतो: गावातली लाईट जावी तशी रेषा सपाट पडते. या सपाट पडण्याला डॉक्टर फार मान देतात. मेंदूने आकडी स्वत:च्या बळावर आवरली, याची ती खूण. नाडी याच वेळी सव्वाशेच्या पुढे गेलेली असते, तीही खाली येऊ लागते.

वाईट पट्टीही ओळखू येते. टोकं बुटकी, ताल विस्कटलेला, शेवट कुठं झाला कळत नाही, रेषा तशीच लोंबत राहते. कधी काहीच नसतं, वीज देऊन झाल्यावर भुलीतल्या झोपेच्याच संथ लाटा. तेव्हा थोडं थांबून मात्रा वाढवून पुन्हा द्यावं लागतं, रोमला दिलं तसं. आणि कधी उलटं. दोन मिनिटं होऊन गेली तरी टोकं संपत नाहीत. अशा वेळी डॉक्टर शिरेतून औषध देऊन आकडी तोडतात. ही लांबलेली आकडी कागदाशिवाय पकडली जाणं अवघड, आणि ती सुटली तर शुद्धीवर आलेला माणूस तासन् तास गोंधळलेला राहतो. मग घरचे म्हणतात, करंट दिल्यापासून बावचळला.

यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचं कारण नाही. आधुनिक यंत्र पट्टीच्या शेवटी आकडी इतके सेकंद चालली असं स्वत:च छापून देतं. पण स्नायूची थरथर, हृदयाचा ठोका, ढिला इलेक्ट्रोड यांनाही ते कधी कधी मेंदूची लाट समजतं. छापील आकडा फायलीत उतरवून कागद टोपलीत टाकणारा डॉक्टर आणि मीटरभर कागद बोटाखालून सरकवत वाचणारा डॉक्टर, यांच्यात फार फरक आहे.

कितीची आकडी पुरेशी? बरीच वर्षं उत्तर सोपं होतं: पंजात १५ ते २० सेकंद, ईईजीवर २५ सेकंद. १९९३ साली न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड सॅकाइम आणि सहकाऱ्यांनी या सोप्या उत्तराची वाट लावली. त्यांनी ९६ रुग्णांचे चार गट केले. चारही गटांत आकडी नियमाप्रमाणे पुरेशी लांब येत होती. पण डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला, जेमतेम आकडी येईल इतकीच वीज दिलेल्या गटात गुण आला १७ टक्क्यांना. त्याच बाजूला मात्रा वाढवली तर ४३ टक्क्यांना. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावले तर ६३ ते ६५ टक्क्यांना. म्हणजे घड्याळ सगळ्यांना पास करत होतं आणि रुग्ण मात्र नापास होत होते. आधी वीज पुरत नाही हे कळलं होतं, आता लांबीही पुरत नाही हे कळलं. तेव्हापासून पट्टी किती सेकंदांची यापेक्षा ती कशी दिसते याला महत्त्व आलं: टोकं किती उंच, दोन्ही बाजू एका तालात आहेत का, शेवट किती कडक.

या कामात आपल्याकडचा वाटा कमी नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. बी. एन. गंगाधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईसीटीवर कित्येक वर्षं काम केलं. आकडीनंतरच्या आलेखातली गुंतागुंत गणिताने मोजून तिच्यावरून गुणाचा अंदाज बांधता येतो का, हे त्यांनी तपासलं. ईईजी आणि हृदयाचा आलेख एकाच वेळी संगणकावर दाखवणारं ईसीटीचं यंत्रही बेंगळुरूतच तयार होतं. गंगाधर पुढे निम्हान्सचे संचालक झाले, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशी यंत्र परवडत नाही म्हणून आलेख काढत नाही, ही सबब आता जुनी झाली.

मात्रेचा प्रश्नही पट्टीनेच सुटतो. कुणाला किती विजेवर आकडी येईल हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. पुरुषांना बायकांपेक्षा जास्त लागते, वय वाढतं तशी जास्त लागते, आणि उपचार चालू असताना त्याच माणसाला पुढच्या पुढच्या खेपेला जास्त लागू शकते. म्हणून पहिल्या दिवशी कमी विजेपासून पायरीपायरीने वर जाऊन त्या माणसाची स्वत:ची हद्द शोधायची आणि पुढची मात्रा तिच्या हिशेबाने ठरवायची. असं करायचं तर आकडी आली की नाही हे प्रत्येक पायरीला पक्कं कळायला हवं. झोपेच्या गोळ्या आणि फीटच्या गोळ्या ही हद्द वर ढकलतात. वऱ्हाडात मेडिकलवरून झोपेची गोळी कधी आणली, कुणी सांगितली, हे घरच्यांनाही आठवत नाही. ते डॉक्टरला सांगणं फार गरजेचं आहे. सहा-आठ महिन्यांपासून आई रोज रात्री गोळी घेते हे लपवलं गेलं, तर पट्टी सपाट येते आणि मग मात्रा नाहक वाढत जाते.

नाहक वाढलेल्या मात्रेचा हिशेब विसरण्यात द्यावा लागतो. ईसीटीवरचा सगळ्यात खरा आक्षेप हाच आहे, आणि भार्गवी दावर यांच्या टीकेतला हा भाग डॉक्टरांनी कधी मनापासून ऐकला नाही असं मला वाटतं. उपचार चालू असतानाच्या दिवसांतलं विसरणं बहुतेकांचं काही आठवड्यांत सरतं. पण उपचाराच्या आधीच्या काही महिन्यांतल्या आठवणींना पडलेली भोकं काहींची बुजत नाहीत. सॅकाइम यांनीच २००७ साली न्यूयॉर्क परिसरातल्या सात रुग्णालयांतल्या ३४७ रुग्णांचा माग काढला. जुन्या पद्धतीची, सलग लहरीची वीज आणि दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोड यांनी स्मृतीचं नुकसान जास्त आणि जास्त काळ होतं, असं त्यांना दिसलं. आयुष्यभर ईसीटीची बाजू मांडलेल्या माणसाने हे छापलं, हे मला त्या क्षेत्राच्या बाजूने मोठं वाटतं. नव्या, तुकड्यातुकड्याच्या विजेची यंत्रं म्हणूनच वापरायची. पट्टी बघत कमीत कमी पुरेशा मात्रेवर राहायचं तेही याचसाठी.

वऱ्हाडापुरती अडचण आणखी एक आहे. एका कोर्सला सहा ते बारा वेळा ईसीटी लागतो. आपल्याकडे तो बहुधा दिवसाआड देतात. म्हणजे दोन ते चार आठवडे रुग्णाबरोबर घरचं एक माणूस अडकतं. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. पाऊस लांबला तर बोंडं भिजतात, मजूर मिळत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या ईसीटीनंतर माणूस जेवायला लागतो, हसतो, आणि घरचे म्हणतात, झालं की बरं, चला. तिथं सोडलेला उपचार पुष्कळदा महिन्याभरात वाया जातो. पुढच्या गोळ्या चालू ठेवल्या नाहीत तर पूर्ण केलेलाही जातो. कुणाला दोष द्यायचा? शेतात उभं पीक आहे. तरी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एकूण किती वेळा, किती दिवस, परतीची एस.टी. कधी, हे कागदावर लिहून द्यावं. अर्धवट सुटणारे कितीतरी तेवढ्याने थांबतील.

संमती हा इथला सगळ्यात कच्चा दुवा. रुग्णाला कळत असेल तर सही त्याची. कळत नसेल तर कायद्याप्रमाणे त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची. प्रत्यक्षात थोरला भाऊ किंवा सासरा एका छापील फॉर्मवर अंगठा उठवतो आणि ज्याच्या डोक्याला वीज लागणार आहे त्याला 'सलाईन लावायचंय' असं सांगितलं जातं. असं करू नका. बरं झाल्यावर त्या माणसाला हे कळतंच, आणि मग तो पुढचे उपचार, औषधं आणि सांगणारे, सगळ्यांनाच झिडकारतो. त्याला सांगा की भूल देतील, कळणार नाही, उठल्यावर डोकं दुखेल, थोडं विसरायला होईल. खरं सांगितल्यावर नाही म्हणणारे मी ऐकले आहेत. हो म्हणणारे त्याहून जास्त ऐकले.

तुमच्या घरात कुणाला ईसीटी सुचवला गेला असेल, तर चार गोष्टी विचारा. भूलतज्ज्ञ हजर असणार का? आकडी कशाने बघणार, नुसत्या पट्ट्याने की ईईजीनेही? आकडी लांबली तर काय करणार? आणि प्रत्येक वेळची मात्रा, सेकंद आणि आलेख फायलीत ठेवणार का? चांगल्या डॉक्टरला यांतला एकही प्रश्न झोंबत नाही. सुट्टी मिळेल त्या दिवशी डिस्चार्ज कार्डाबरोबर या नोंदींची प्रत मागून घ्या. आजार उलटला आणि दोन-चार वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरपुढे बसायची वेळ आली, तर त्याला पहिल्या दिवसापासून अंदाज बांधत बसावं लागणार नाही. ही प्रत मिळणं हा मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ ने रुग्णाला दिलेला हक्क आहे. तो मागताना आवाज खाली ठेवायचं कारण नाही.